विहीर थंडीत तापत नाही

जानेवारीच्या पहाटे खानापूरकडे विहिरीतून घागर वर आली की पाण्यावर वाफ दिसते आणि कुणीतरी म्हणतंच, "थंडीत विहीर तापते, उन्हाळ्यात निवते." लहानपणापासून मीही हेच ऐकत आलो. पण बादली वर ओढल्याबरोबर तिच्यात थर्मामीटर बुडवून बघा, एकदा जानेवारीत आणि एकदा एप्रिलअखेर. विहीर खोल असेल तर दोन्ही वेळा पारा 25 अंशांच्या आसपासच राहील. बदलते ती बाहेरची हवा. पहाटे 14 अंश, एप्रिलच्या दुपारी 36. तेच पाणी गारठलेल्या हाताला कोमट लागतं आणि तापलेल्या हाताला गार.

जमिनीखाली पारा का हलत नाही, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. मातीतून उष्णता अगदी सावकाश मुरते. दिवसा वरचा थर तापतो, उष्णता खाली निघते, पण वीतभर गेली न गेली तोच रात्र होते, वरची माती निवते आणि ती उष्णता माघारी फिरते. ऋतूंच्या चढउताराच्या लाटेला मात्र खाली शिरायला महिनोन्‌महिने मिळतात. मग ती 365 पट खोल जाते का? नाही. दुप्पट खोलीला चौपट वेळ लागतो, म्हणून 365 चं वर्गमूळ घ्यायचं: 19 पट. साधारण मातीत दिवसाची लाट दर 12 सेंटिमीटरला सुमारे एक तृतीयांश उरते, तर वर्षाची लाट दर सव्वादोन मीटरला. अशा तीन टप्प्यांनंतर, म्हणजे सातेक मीटरवर, तिचा विसावा हिस्सा शिल्लक असतो. शिवाय प्रत्येक टप्प्याला ती 58 दिवस मागे पडते. एप्रिलअखेरची उष्णता पहिल्या टप्प्यावर पोचते तेव्हा वर जून संपत आलेला असतो. आणखी खाली मातीला फक्त वर्षाची सरासरी ठाऊक.

याच सरासरीवर घर थंड किंवा गरम करता येतं. त्याला 'भूऔष्णिक' म्हणतात म्हणून लोकांना राजापूर-वज्रेश्वरीची गरम कुंडं आठवतात. इथे तसं काही नाही. पृथ्वीच्या पोटातून दर चौरस मीटरला 0.1 वॅटही वर येत नाही, उन्हातून मात्र रात्रंदिवसाची सरासरी धरली तरी दीडशे-दोनशे वॅट मिळतात. आपण वापरतो ती जमिनीने साठवलेली उन्हाचीच ऊब.

यंत्र म्हणजे उष्मापंप, फ्रिजचाच भाऊ. बोअर मारून तिच्यात यू आकाराचा प्लॅस्टिक पाइप सोडतात, त्यात कोंडलेलं तेच ते पाणी फिरत राहतं आणि खोलीतली उष्णता 36 अंशांच्या हवेऐवजी 25 अंशांच्या खडकात टाकली जाते. तापमानाचा चढ कमी, म्हणून कॉम्प्रेसरचं काम कमी. 1 युनिट विजेवर साधारण 4 युनिट उष्णता हलते. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंतला 'फुकट एसी' खोटा आहे, वीज लागतेच. एक टन थंडाव्याला दोनशे-तीनशे फूट बोअर लागते.

या बोअरला पाणी लागलंच पाहिजे असं नाही. म्हणून तळहातावर नारळ धरून जागा दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका. खरं तर पाण्याच्या बोअरलाही देऊ नका, नारळाला भूजल कळत नाही. मात्र कोरड्या बोअरमधली हवा उष्णता अडवते, त्यामुळे पाइपभोवतीची पोकळी बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) आणि वाळूच्या गाऱ्याने भरावीच लागते.

बेळगावात हे करावं का? सुमारे 750 मीटर उंचीवरच्या आपल्या गावात उन्हाळ्याच्या बहुतेक रात्री पंख्यावर निघतात. दोन खोल्यांच्या घरासाठी बोअरचा खर्च मला पटत नाही, त्याआधी स्लॅबवर पांढरा रंग द्या. अथणीकडे ऊन जास्त. तिथल्या दवाखान्याला किंवा वसतिगृहाला विचार करण्यासारखं आहे. पण एक अडचण आहे. थंड देशांत हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढतात, तेव्हा उन्हाळ्यात टाकलेली वसूल होते. आपण नुसती टाकतच राहिलो तर बोअरभोवतीचा खडक वर्षागणिक तापत जाईल. त्यावर उपाय आपल्या न्हाणीघरात आहे. आपल्याकडे जवळजवळ बारा महिने अंघोळीला गरम पाणी लागतं. ते याच पंपाने तापवलं की पावसाळ्या-हिवाळ्यात खडकातली उष्णता रोज थोडी थोडी बाहेर येते आणि पुढच्या एप्रिलपर्यंत तो पुन्हा निवलेला असतो.