ग्लोब वेगळा, गिल्ड वेगळं

दर जानेवारीत तेच. गोल्डन ग्लोबचा निकाल लागतो आणि दुपारपर्यंत बातमी येते: ‘ऑस्करची रंगीत तालीम’. कुणी त्याला सेमीफायनल म्हणतं. मग आमच्या ग्रुपवर ऑस्करच्या अंदाजांची यादी फिरते, आणि ती ग्लोबच्या विजेत्यांची यादी जशीच्या तशी उतरवलेली असते. अशा याद्या भरणारे दरवर्षी हरतात आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा तेच करतात.

ग्लोब काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. गोल टेबलं, शॅम्पेन, ड्रामा एकीकडे आणि म्युझिकल-कॉमेडी दुसरीकडे. त्याच सुमारास आणखी एक जत्रा भरते, जिच्याकडे आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही: गिल्ड म्हणजे हॉलिवूडमधल्या व्यावसायिक संघटनांचे पुरस्कार. निर्मात्यांचं प्रोड्युसर्स गिल्ड, दिग्दर्शकांचं डायरेक्टर्स गिल्ड, नटनट्यांचं स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड, म्हणजेच सॅग. दोन्ही ऑस्करच्या आधी, दोन्हींत तेच चेहरे, तेच गाऊन. म्हणून लोक एकाच पोत्यात भरतात.

फरक मतदारांचा आहे. ग्लोबला मत देतात पत्रकार. पूर्वी ते लॉस एंजेलिसमधले शंभराच्या आत विदेशी पत्रकार होते. 2023 मध्ये ती संघटना बरखास्त झाली आणि आता जगभरातले तीनशेच्या आसपास मतदार आहेत. ऑस्करला मत देते अकादमी, म्हणजे सिनेमात काम करणारी सुमारे दहा हजार माणसं. हे दोन गट जवळजवळ कुठेच एकमेकांना शिवत नाहीत. गिल्डच्या मतदारांपैकी बरेच जण मात्र अकादमीतही असतात. म्हणजे ग्लोब हा निवडणुकीआधीचा अग्रलेख आणि गिल्ड हा एक्झिट पोल. अग्रलेख वाचून निकाल सांगणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते इथे लिहीत नाही.

‘पण नाटू नाटूचं काय?’ हा प्रश्न येणारच. 2023 च्या जानेवारीत ग्लोब, मार्चमध्ये ऑस्कर. खरं आहे. पण दोन वेगळ्या गटांना एकच गाणं आवडलं, एवढाच त्याचा अर्थ. दोनच वर्षांनी पायल कपाडिया यांना ग्लोबमध्ये दिग्दर्शनाचं नामांकन मिळालं. ऑस्करच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. ते उदाहरण कुणी देत नाही.

आता खरी मेख. सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर सर्वाधिक मतांनी ठरत नाही. 2009 च्या चित्रपटांपासून तिथे पसंतीक्रम आहे. बाकीच्या विभागांत ज्याला जास्त मतं तो जिंकला, इथे मात्र मतदार नामांकित चित्रपटांना 1, 2, 3 असे क्रमांक देतो. पदवीधर मतदारसंघाची मतमोजणी रात्रभर का चालते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना वेगळं समजावायला नको. शंभर मतं धरा. ‘अ’ला पहिल्या पसंतीची 40, ‘ब’ला 32, ‘क’ला 28. निम्म्याच्या वर कुणीच नाही, म्हणून ‘क’ बाद. त्याच्या 28 जणांपैकी 22 जणांची दुसरी पसंती ‘ब’ला असेल, तर ‘ब’ 54 वर जातो आणि ‘अ’ घरी. ज्याच्यावर काही लोक जीव टाकतात आणि बाकीचे नाक मुरडतात, तो चित्रपट इथे मार खातो. कुणाचाच फार राग नसलेला पुढे सरकतो.

ही मोजणी आणखी कोण करतं? प्रोड्युसर्स गिल्ड, आणि तेही 2009 च्याच चित्रपटांपासून. 2009 ते 2024 या सोळा वर्षांच्या चित्रपटांत त्यांचा आणि ऑस्करचा विजेता तेरा वेळा जुळला, त्यातला एक गिल्डकडे बरोबरीत होता. 2022 मध्ये ग्लोबचा ड्रामा ‘द पॉवर ऑफ द डॉग’कडे गेला, ऑस्करची बारा नामांकनंही त्याचीच. ‘कोडा’ला नामांकनं फक्त तीन. पण प्रोड्युसर्स गिल्ड ‘कोडा’ला मिळालं आणि आठवड्याभराने ऑस्करही. 2025 मध्ये ‘अनोरा’ ग्लोबमधून रिकाम्या हाताने परतला. फेब्रुवारीत निर्माते आणि दिग्दर्शक या दोन्ही गिल्डनी एकाच रात्री त्याला निवडलं, आणि ऑस्करला त्याने पाच पुतळे नेले.

चुकतं तेव्हा गिल्डही चुकतं. ‘द बिग शॉर्ट’, ‘ला ला लँड’ आणि ‘1917’ असे तीन वेळा. का, हे ठामपणे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. अकादमी मतांचे आकडे जाहीरच करत नाही.

दिग्दर्शनाचा रकाना भरायला डोकं लागत नाही. डायरेक्टर्स गिल्डचं नाव उतरवा. 1948 पासून हे दोन निकाल हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच वेगळे लागलेत.

अभिनयात मात्र मी सॅगवर डोळे झाकून पैसे लावणार नाही. ते गिल्ड असलं तरी त्याचे सदस्य लाखाच्या वर आहेत आणि त्यातले बहुतेक अकादमीत नाहीत. ग्लेन क्लोज 2019 मध्ये आणि चॅडविक बोसमन 2021 मध्ये, दोघांकडे ग्लोब आणि सॅग दोन्ही होते. ऑस्कर गेलं ऑलिव्हिया कोलमन आणि अँथनी हॉपकिन्स यांच्याकडे, आणि त्या दोघांकडे ब्रिटिशांचं बाफ्टा होतं. हे सगळं पाठ असूनही 2025 मध्ये मी अभिनेत्रीच्या रकान्यात डेमी मूरचं नाव लिहिलं. तिच्याकडेही ग्लोब आणि सॅग होते, बाफ्टा मायकी मॅडिसनकडे होतं. सोमवारी सकाळी चहा गार होईपर्यंत ग्रुपवर माझीच चेष्टा चालली होती.