बुरशी जिप्सम खात नाही, कागद खाते

भिंतींना लावतात तो जिप्सम बोर्ड म्हणजे दोन जाड कागदांच्या मध्ये दाबून बसवलेला जिप्सम या खनिजाचा थर. जिप्समच्या वजनात जवळपास २१ टक्के पाणी असतं, पण ते स्फटिकात जखडलेलं. बुरशीला त्याचा उपयोग नाही. तिला हवं असतं मोकळं पाणी आणि पचवायला सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींचा तंतुमय पदार्थ. सेल्युलोज कागदात आयतंच असतं. बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिची सूक्ष्म बीजं, तर हवेत कायमच असतात. उणीव असते फक्त ओलीची, आणि ती एक गळका पाइप भरून काढतो.

जमिनीवर चार बोटं पाणी साचलं, तरी बोर्ड ते टिपकागदासारखं वर ओढतो. त्यात खोलीकडच्या बाजूला रंगाचा थर; मागची बाजू मात्र उघडा कागद, अंधार आणि कोंडलेली हवा. म्हणून पुढे बशीएवढा डाग दिसत असेल, तर मागे परातीएवढी बुरशी निघू शकते. कुबट वास येतोय पण डाग दिसत नाही, तेव्हाही संशय मागच्या बाजूचाच घ्यावा.

स्वच्छ पाण्याने भिजलेला बोर्ड २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळला, तर बहुधा वाचतो. फुगला, बोटाने दाबल्यावर खचला किंवा सांडपाण्यात भिजला, तर काढूनच टाकावा. ब्लीचने रंग उडतो. कागदात मुरलेले बुरशीचे धागे राहतात. बुरशी मेली तरी तिचे कण अ‍ॅलर्जी आणि दमा चाळवतातच. वरून रंग मारणं हा तर स्वतःलाच फसवण्याचा प्रकार.

भिंतीवरच्या ‘काळ्या बुरशी’ची भीती मला थोडी अतिरंजित वाटते. तिचं शास्त्रीय नाव स्टॅकिबॉट्रिस. बुरशीतज्ज्ञ कोर्डा यांनी १८३७ मध्ये प्राग इथल्या एका घराच्या भिंतीवरच्या कागदावरून तिचं वर्णन केलं. तिला सतत चिंब कागद लागतो, म्हणजे ती दिसली तर गळती जुनी आहे हे नक्की. पण काळ्या दिसणाऱ्या बुरशी अनेक आहेत, आणि जात कुठलीही असो, उपाय तोच. तपासणीवर खर्च करण्याआधी गळती शोधा.

गळती थांबल्यावर त्या भिंतीतली वीज बंद करायची. एन-९५ मास्क, हातमोजे, बंद गॉगल. दारावर प्लास्टिक, आणि पंखा खिडकीतून हवा बाहेर फेकेल असा. बुरशीवर वारा घातला तर बीजाणू घरभर पसरतात. ओलीच्या रेषेपलीकडे साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत बोर्ड कापायचा आणि तुकडे तिथेच पिशवीत बांधायचे. भिंतीत भरलेली ग्लासवूल (काचतंतूंची लोकर) भिजली असेल तर तीही फेकायची. आतली लाकडी चौकट साबणाच्या पाण्याने घासून घ्यायची. बुरशी एक चौरस मीटरच्या पुढे गेली असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हे काम जाणकाराकडे द्यावं.

खरी घाई होते ती नंतर. भोक वाईट दिसतं, म्हणून लगेच नवा बोर्ड ठोकला जातो. लाकूड वरून कोरडं लागतं, पण आत ओल असते. ओलावा मोजणारं मीटर लावून बघा, खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा आणि मीटरवरचा आकडा उतरेपर्यंत भिंत उघडीच राहू द्या.