टार्गेटेड गोळ्यांचा अर्ज कोणत्या कागदापाशी अडतो?

रक्ताच्या कर्करोगावरच्या टार्गेटेड औषधासाठी विम्याकडे अर्ज करा, सरकारी योजनेकडे करा किंवा औषध कंपनीच्या मदत योजनेकडे. ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला, प्रिस्क्रिप्शन हे सगळे जमवतात. अर्ज अडतो तो जनुकीय तपासणीच्या रिपोर्टपाशी.

ही औषधं पेशीतल्या ठरावीक बदलावर काम करतात, म्हणून ‘रक्ताचा कर्करोग आहे’ एवढं डॉक्टरांचं पत्र पुरत नाही. सीएमएल या हळू वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात इमॅटिनिब या गोळीसाठी बीसीआर-एबीएल हे बिघडलेलं जनुक किंवा ते ज्यावर असतं तो फिलाडेल्फिया क्रोमोसोम सापडल्याचा रिपोर्ट लागतो, एएमएल या झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारात मिडोस्टॉरिन या औषधासाठी एफएलटी-3 जनुकातल्या बदलाचा. लोक सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि बोन मॅरोचा रिपोर्ट जोडून निर्धास्त होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दिलेल्या त्या रिपोर्टमध्ये हा बदल सिद्ध झालेला नसतो.

सीएमएलच्या रुग्णांनी निदानाच्या वेळचा रिपोर्ट जिवापाड जपावा. गोळ्या चांगल्या लागू पडल्या की बीसीआर-एबीएल तपासणीत सापडेनासं होऊ शकतं, आणि मग नव्या तपासणीने मूळ आजार दाखवता येत नाही. औषधाने सुधारलेल्या माणसाकडे आजाराचा ताजा पुरावा मागणं चुकीचंच आहे. तरी कोणी मागितलाच, तर औषधामुळेच तो आता सापडत नाही, असं डॉक्टरांकडून लेखी घ्या. रिपोर्ट हरवला असेल तर तपासणीची तारीख सांगून लॅबकडे दुसरी प्रत मागा. एएमएलमध्ये मात्र उलट: आजार उलटला तर एफएलटी-3ची स्थिती बदललेली असू शकते, तेव्हा तपासणी नव्याने करावी लागते.

मंजुरीच्या नूतनीकरणात तारखेचा घोळ होतो. मुदत मंजुरीपत्रावरच्या तारखेपासून आहे की गोळ्या हातात आल्यापासून, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. सीएमएलमध्ये नूतनीकरणासोबत बीसीआर-एबीएलचा ताजा रिपोर्ट लागतो, आणि त्यात टक्केवारी आंतरराष्ट्रीय श्रेणीत, म्हणजे ‘आयएस’मध्ये हवी. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेलं चालत नाही. ही तपासणी सुरुवातीला साधारण दर 3 महिन्यांनी होते. 3 महिन्यांनंतर आकडा 10 टक्के किंवा कमी, वर्षानंतर 0.1 टक्का किंवा कमी असावा अशी अपेक्षा असते. तसं झालं नाही आणि डॉक्टरांनी औषध बदललं, तर म्युटेशनचा, म्हणजे बीसीआर-एबीएलमध्ये झालेल्या नव्या बदलाचा रिपोर्टही जोडा. त्यात टी315आय नावाचं म्युटेशन निघालं तर इमॅटिनिब, डॅसाटिनिब, निलोटिनिब या गोळ्यांचा उपयोग होत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी केलेल्या अर्जात वेळच जाईल.

रिपोर्ट यायला दिवस लागतात, म्हणून गोळ्या संपत आल्यावर धावपळ नको. मंजुरी लांबली तर डोस अर्धा करून पुरवू नका, डॉक्टरांना तात्पुरत्या पुरवठ्याबद्दल विचारा.