उच्छ्वास

उच्छ्वास (पुल्लिंगी नाम) : फुप्फुसांतली हवा नाकातोंडावाटे बाहेर सोडण्याची क्रिया; तसेच बाहेर पडलेली ती हवा. संस्कृत फोड उद् + श्वास. आत घेतो तो श्वास, बाहेर सोडतो तो उच्छ्वास, ही वाटणी मराठी पाठ्यपुस्तकांनी पक्की केली. संस्कृतात ती इतकी काटेकोर नव्हती. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त तर 8 प्रकरणांनाच उच्छ्वास म्हटले आहे. ‘उच्छवास’ हे लेखन अशुद्ध, पण सर्रास दिसते.

आत जाणाऱ्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो, बाहेर येणाऱ्या हवेत 16. कार्बन डायऑक्साइड मात्र 0.04 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आसपास जातो. चुन्याची निवळी नळीने फुंकल्यावर दुधाळ होते ती यामुळेच.

बोलण्यात हा शब्द जवळजवळ नाहीच. तारकर्ली-मालवणला स्कूबासाठी (पाठीवरच्या टाकीतली हवा घेत बुडी मारायला) पाण्यात उतरणाऱ्याला ‘श्वास कोंडू नको, सोडत राहा’ असेच बजावतात. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा कोंडून कुणी वर आला, तर ती दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकते.

मराठीने खरी बारकाई दाखवली आहे ती क्रियापदांत. श्वास सोडतात, सुस्कारा सोडतात. उसासा आणि निःश्वास मात्र बहुधा टाकतात, खांद्यावरचे ओझे टाकावे तसे. निःश्वास म्हणजे मुळात नुसता बाहेरचा श्वास. आता तो सुटकेचा तरी असतो नाहीतर दुःखाचा. ‘उसासा’ हे उच्छ्वासाचेच प्राकृतातून घासून आलेले रूप, आणि पुस्तकी मूळ रूपापेक्षा कितीतरी जिवंत. फुंकर घालतात किंवा मारतात. पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात ती, आणि दिव्यावर मारतात ती.

फुंकरीचे अवजार म्हणजे फुंकणी. पावसात लाकडे ओली, चुडते (माडाच्या सुक्या झावळ्या) सादळलेली. अशा वेळी कोकणातल्या चुलीपुढे फुंकणीशिवाय गत्यंतर नसे. एरवी उच्छ्वास आपोआप होतो : श्वासपटल सैल पडून वर सरकते आणि हवा बाहेर जाते. फुंकताना पोटाचे स्नायू आवळावे लागतात. नवखी पोर नळी तोंडातच ठेवून श्वास घेते आणि धूर, राख घशात जाऊन खोकत बसते. सरावलेली बाई श्वास घेताना तोंड बाजूला करते, पुन्हा नळीला लावते. (नारळाच्या सालपटाला इकडे ‘सोडण’ म्हणतात. श्वास सोडण्याशी त्याचा संबंध नाही, पण चुलीपुढे दोन्ही एकत्र येतात.)

गणपतीत कोकणातल्या बायका फुगडी घालतात. तिथे तोंडाने ‘फू’ करत ठेक्यात सोडलेला उच्छ्वास हाच ताल. वेग वाढतो तसे गाण्याचे शब्द गळत जातात आणि नुसते फू, फू उरते. शेवटी एकीला धाप लागते आणि ती हात सोडते.