दाताचं इम्प्लांट शरीर ‘बाहेर फेकतं’?

“इम्प्लांटच्या भानगडीत पडू नका, शरीर बाहेरची वस्तू स्वीकारत नाही.” हे इतकी वर्षं ऐकू येतंय की खरंच वाटावं.

बसवलेली किडनी शरीर नाकारू शकतं, कारण तिच्या पेशी दुसऱ्याच्या असतात. दाताचं इम्प्लांट हा पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला, सहसा टायटॅनियमचा स्क्रू; त्यात जिवंत असं काहीच नाही. उलट हाड त्याला घट्ट धरतं. १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये संशोधक डॉ. ब्रोनेमार्क यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं होतं. प्रयोग संपला, पण ते काही केल्या निघेना! १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. ते ४० वर्षं टिकले.

मग काहींचे हलतात कसे? टायटॅनियमची ॲलर्जी फारच क्वचित. बहुतेकदा कारण सिगारेट, ताब्यात नसलेली साखर, जंतुसंसर्ग किंवा हाडाने स्क्रू धरण्याआधीच पडलेला चावण्याचा भार. म्हणून तर कॅपसाठी, म्हणजे स्क्रूवर बसवायच्या कृत्रिम दातासाठी, अनेकदा ३ ते ६ महिने थांबवतात. आणि धातू किडत नाही म्हणून ब्रशकडे दुर्लक्ष केलं, तर भोवतालची हिरडी सुजते, हाड झिजतं आणि पक्का बसलेला स्क्रूही सैल होतो.