‘ख्रिस्तपुराण’ आणि ‘ख्रिस्तायन’ यांत गल्लत नको

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की ही दोन नावं हमखास एका दमात घेतली जातात. दोन्हींत येशूचं चरित्र, दोन्ही मराठी पद्यात, एकाचं नाव पुराणांच्या वळणाचं तर दुसऱ्याचं रामायणाच्या. मग ‘ख्रिस्ती धर्माला मराठी साज चढवला’ एवढं म्हणून दोहोंची बोळवण होते. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सनी साज चढवला, हे खरं आहे. ‘ख्रिस्तायन’ ज्यांच्या नावावर सांगितलं जातं त्या ना. वा. टिळकांच्या बाबतीत मात्र तो शब्द अपुरा पडतो.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडच्या विल्टशरमधला जेझुइट, म्हणजे कॅथलिक चर्चच्या ‘येशूसंघ’ या पंथातला धर्मगुरू, १५७९ साली गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, तिथेच राहिला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग: पहिल्यात बायबलचा जुना करार, दुसऱ्यात नवा. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातली एकच ओवी ठाऊक असते, ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’. मराठीचं इतकं कौतुक करणारा माणूस विचारानेही इथलाच झाला असणार, असं आपण धरून चालतो. त्यापेक्षा पहिलीच ओवी नीट वाचावी:

ओं नमो विश्वभरिता। देवा बापा सर्वसमर्था।
परमेश्वरा सत्यवंता। स्वर्गपृथ्वीच्या रचणारा॥

सुरुवात ऐकताच ज्ञानेश्वरीतलं ‘ॐ नमो जी आद्या’ कानात घुमतं. पण पुढे काय येतं? देव, बाप, सर्वसमर्थ, आकाश आणि पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता. चर्चमध्ये श्रद्धेची कबुली म्हणून म्हटल्या जाणाऱ्या प्रेषितांच्या मतांगिकाराचं हे पहिलं कलम आहे, जवळजवळ त्याच क्रमाने. घाट ज्ञानेश्वरीच्या परंपरेतला, मजकूर रोमचा. कॅथलिक चर्चची ट्रेंटची धर्मपरिषद १५६३ साली संपली, तिने आखून दिलेल्या श्रद्धेत स्टीफन्स घडला होता. त्या श्रद्धेच्या चौकटीला ओवी कुठे धक्का लावत नाही. ती चौकट दक्षिण गोव्याच्या साष्टी भागातल्या माणसांपर्यंत पोचावी, याचसाठी त्याने ओवी निवडली.

आणि पोचवण्याची गरज का पडली, हेही सांगायला हवं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, त्याच दशकात साष्टीतली देवळं पाडली गेली, जुन्या पोथ्या बाळगणं गुन्हा ठरलं. काव्यातच एक जण पाद्रींना विनवतो की आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, आता त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काहीतरी द्या. हा प्रसंग मला फार बोचतो. ज्या व्यवस्थेने लोकांचं ऐकणं-म्हणणं हिरावून घेतलं, तिच्यातल्याच एका प्रेमळ माणसाने ती पोकळी भरून काढली. स्टीफन्सचं प्रेम खोटं नव्हतं, पण त्या पोकळीचं कारण त्या प्रेमाने झाकता येत नाही.

नारायण वामन टिळकांची वाट उलट दिशेने येते. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्म, चित्पावन घर, संतांची वाणी लहानपणापासून कानावर. आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी उघडला आणि त्यातल्या मत्तयाच्या पुस्तकातल्या, येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. बाप्तिस्मा झाला १८९५ साली. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. हे वाक्य मिशनच्या लोकांना गोड वाटायचं, पण त्याचा अर्थ जड आहे. पूल तुकोबांचा असेल तर पलीकडे जो ख्रिस्त भेटतो, तोही तुकोबांनी तयार केलेल्या डोळ्यांनीच दिसतो.

टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू आहे आणि आईही आहे. अनेकांना ही कविकल्पना वाटते, पण शास्त्रात तिला आधार आहे. आई लेकराला समजावते तसं मी तुमचं सांत्वन करीन, असं जुन्या करारातल्या यशयाच्या ६६ व्या अध्यायात देव म्हणतो. कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं तुम्हाला जवळ घ्यावं असं मला कितीदा वाटलं, असं मत्तयाच्या २३ व्या अध्यायात येशू यरुशलेमेला म्हणतो. ही वचनं युरोपातही वाचली जात होतीच, पण भक्तीच्या केंद्रस्थानी ती क्वचितच आली. विठोबाला माउली म्हणत वाढलेल्या माणसाला ती पहिल्याच वाचनात ठळक दिसतात. शास्त्राचं एक अक्षरही न बदलता वाचनाचा तोल बदलतो, तो असा.

हा बदल अभंगापुरता राहिला नाही. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी भजन-कीर्तन रुजवलं, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूपदाची, दीक्षा मिळाली आणि १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा शिष्यसमुदाय काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. मंडळीत कोण बसतो आणि बाहेर कोण, हा निव्वळ सिद्धांताचा प्रश्न. तिथे टिळक वारकऱ्यांच्या दिंडीच्या बाजूने उभे राहिले. स्टीफन्सच्या हातून असं पाऊल पडणं शक्यच नव्हतं. टिळकांचं हे पाऊल बायबलला धरून होतं की नाही, यावर वाद घालता येईल. मला ते नव्या करारातल्या येशूच्या पंगतीशी जुळणारं वाटतं. ती पंगतसुद्धा कुणासोबत बसायचं यावरूनच वादात सापडली होती.

‘ख्रिस्तायन’ मात्र टिळकांच्या हयातीत पुरं झालं नाही. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा सुरुवातीचेच अध्याय लिहून झाले होते. पुढचे साठहून अधिक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या, नवऱ्याने धर्म बदलल्यावर काही वर्षं त्याच्यापासून वेगळ्या राहिलेल्या आणि मग स्वतःहून ख्रिस्ताकडे आलेल्या या बाईची शाळा अशी झालीच नव्हती. त्यामुळे ‘ख्रिस्तायन’ टिळकांचं म्हणताना निदान निम्म्याहून जास्त श्रेय चुकीच्या नावावर जातं, आणि ‘ख्रिस्तपुराणा’शी त्याची तुलना करायची तर आधी हे श्रेय लक्ष्मीबाईंच्या नावावर मांडायला हवं.