प्लेटलेट दोन लाख आहेत, मग दाढ काढू का?

सीबीसीचा रिपोर्ट पुढे करून 'प्लेटलेट दोन लाख आहेत की, मग दाढ काढायला काय हरकत' असं विचारणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही, कारण सगळीकडे आकडाच विचारला जातो. नॉर्मल दीड ते साडेचार लाख, आणि ५० हजाराच्या वर असतील तर साधारणपणे दात काढायला डॉक्टर तयार होतात. पण क्रॉनिक ल्युकेमियाच्या (हळूहळू वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरच्या) काही गोळ्या चालू असताना हा आकडा म्हणजे नुसता हजेरीपट. सगळे हजर आहेत एवढंच कळतं, कोण काम करतंय ते कळत नाही.

दात निघाला की खड्ड्यात रक्तवाहिन्या फाटतात आणि त्यांच्या भिंतीतलं कोलॅजन उघडं पडतं. ते प्लेटलेटवरच्या जीपी-६ नावाच्या रिसेप्टरला भिडलं की आत निरोपांची साखळी सुरू होते, आधी सार्क घराण्यातले एन्झाइम, मग सिक, मग बीटीके, आणि शेवटी कॅल्शियम वाढून प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. आता गंमत बघा, सीएलएल या क्रॉनिक ल्युकेमियात दिलं जाणारं इब्रुटिनिब मुळात कॅन्सरच्या बी पेशींमधलं (या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बीटीके बंद करण्यासाठीच बनवलंय, आणि सीएमएल या दुसऱ्या प्रकारातलं डासाटिनिब तो कॅन्सर चालवणाऱ्या बीसीआर-एबीएल या प्रथिनाबरोबर सार्क घराण्यालाही मारतं. म्हणजे औषध जिथे काम करायला हवं तिथे करतंच, पण तीच साखळी प्लेटलेटमध्येही असल्यामुळे तीही तुटते.

याहून मजेशीर गोष्ट अशी की काही मुलं जन्मतःच बीटीकेशिवाय असतात (ब्रुटन नावाच्या डॉक्टरने १९५२ मध्ये अशा आजाराचं वर्णन केलं, बीटीकेमधला बी तोच), त्यांना इन्फेक्शन सारखी होतात पण रक्तस्राव विशेष होत नाही. मग गोळीनेच का होतो? कारण प्लेटलेटमध्ये बीटीकेचा भाऊ टेक असतो, तो काम सांभाळून घेतो, आणि इब्रुटिनिब टेकलाही अडवतं, असं मानलं जातं.

आणि हा अडथळा तात्पुरता नसतो. इब्रुटिनिब बीटीकेच्या ४८१ नंबरच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमचं चिकटतं. दुसरी पेशी असती तर तिने नवं बीटीके बनवलं असतं, पण प्लेटलेटला केंद्रकच नाही, त्यामुळे अडकलेली प्लेटलेट मरेपर्यंत तशीच, आणि तिचं आयुष्य ७ ते १० दिवस. म्हणून सर्जरीआधी आणि नंतर ३ ते ७ दिवस गोळी थांबवण्याचा विचार करतात, तेवढ्यात बोन मॅरोतून पुरेशा ताज्या प्लेटलेट येतात. डासाटिनिबची पकड सुटणारी असते आणि ते रक्तातून काही तासांतच कमी होतं, त्यामुळे तिथे हिशेब वेगळा. दोन्हीकडे गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ते हिमॅटॉलॉजिस्टच (रक्तविकारतज्ज्ञच) ठरवणार. बाकी टाका, दाबून ठेवलेला गॉझ, रक्ताची गुठळी टिकवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गुळण्या हे डेंटिस्टच्या हातात असतंच.

आता पांढऱ्या पेशींकडे. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली गेले की हिरडीला सूज, पस, लाली यातलं काहीच नीट दिसत नाही, कारण पस म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिलच. त्यामुळे नुसता ताप आणि दाढेत थोडंसं दुखणं एवढ्यावरही फोन करायचा, सुजण्याची वाट बघायची नाही. सीएलएलमध्ये तर काउंट बरा असला तरी अँटिबॉडी कमी असू शकतात.

मध्येच एक, 'रूट कॅनलमुळे कॅन्सर होतो' हा फॉरवर्ड कुणी पाठवला तर सरळ डिलीट करा. त्याला पुरावा नाही, आणि तो वाचून कुजलेली दाढ तशीच ठेवणं हा खरा धोका आहे, कारण किडीचा जंतू तिथेच बसून राहतो आणि काउंट पडल्यावर संधी साधतो. जमलं तर दातांची कामं औषध सुरू होण्याआधीच उरकावीत, नाहीतर काउंट चांगला असतानाची वेळ गाठावी.

शेवटी औषधांचं. डेंटिस्टला गोळीचं नाव सांगा, नुसतं 'ब्लड कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे' म्हणू नका. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल लिव्हरमधलं औषधं मोडणारं सीवायपी३ए४ एन्झाइम अडवतं आणि मग इब्रुटिनिब, डासाटिनिब यांची रक्तातली पातळी चढते. आणि दाढदुखीवर घरात पडलेली आयबुप्रोफेन घेऊ नका, ती प्लेटलेटना दुसऱ्या बाजूने अडवते.